समुद्राच्या तळातलं तळं

सुंदरबाईची लेक शिवकन्या समुद्राच्या तळाशी उतरणार, ही बातमी गावात आली तेव्हा गावातल्या एकाही विहिरीत बादली बुडेल एवढं पाणी नव्हतं. टँकरपाशी बायकांना वाटलं, सुंदरबाई चेष्टा करतेय. पण सुंदरबाई चेष्टा करणाऱ्यांतली नव्हती. बीड भागातल्या, वडवणीच्या अलीकडच्या त्या गावात बायकांची एक दूध संस्था होती, तिची ती कैक वर्षं चेअरमन होती, आणि दुधात पाणी घालणाऱ्या सख्ख्या नणंदेला तिनं सगळ्यांदेखत किटली हातात देऊन घरी पाठवलं होतं.

त्या उन्हाळ्यात संस्थेचं नुसतं नाव उरलं होतं. गावातली जनावरं चारा छावणीत गेली होती, आणि जनावरांमागं माणसंही. सुंदरबाईचा नवरा धोंडीराम दोन म्हशी आणि एक गाय घेऊन छावणीतच राहत होता, पाचटाच्या खोपीत. पूर्वी संध्याकाळी संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागायची. आता पाच-सात बायका यायच्या, कुणाच्या किटलीत दोन लिटर, कुणाच्या एक. तरी सुंदरबाई रोज संध्याकाळी कुलूप काढायची, दूध मोजायची, संस्था एक दिवस बंद ठेवली की कायमची बंद पडते म्हणायची.

शिवकन्या तिची एकुलती एक. औरंगाबादेत दगडमातीचं शिकली, मग गोव्याला समुद्राचं शिकली, आणि आता परदेशी जहाजावर होती, अरबस्तानाच्या पलीकडं, तांबड्या समुद्रात. तिचा फोन आला तेव्हा सुंदरबाई रांगेत हंडे लावून सावलीला बसली होती.

"माय, परवा मी खाली चाललेय."

"खाली म्हंजी कुठं?"

"समुद्राच्या तळाला. एक यंत्र हाय, त्यात बसून. तिघंजणं हाव आमी. तिथं एक तळं हाय, ते बघायचंय."

"समुद्रातच हायस की तू. आनि तळं कुठलं त्यात?"

"तेच तर. समुद्राच्या तळाला पान्याखाली आनखी पानी हाय. त्याला काठ हाय, त्याच्यावर लाटा उठतात."

"येड लागलं का तुला? पान्यात पानी मिसळंल की."

"न्हाई मिसळत, माय. लई खारट हाय ते. समुद्र त्याच्यापुढं गोडा वाटावा इतकं. मिठानं जड झालंय, म्हनून तळाला बसून ऱ्हायलंय. तू दूध तपासतीस न लॅक्टोमीटरनं? दूध जड असलं की ती नळी वर उचलती, पानी घातलं की खाली बसती. तसंच हाय. आमचं यंत्र साध्या पान्यात बुडतं, पर त्या तळ्यात बुडतच न्हाई. वरच डुलतं."

हे सुंदरबाईला लगेच कळलं. जन्मभर तिनं तेच केलं होतं. कळलं म्हणून तिला जरा धीर आला, आणि धीर आला म्हणून तिनं पुढचं विचारलं, "मासे लई असतील मग तिथं?"

शिवकन्येला हे टाळता आलं असतं. पण खरं बोलायची सवय तिनं आईकडूनच घेतली होती.

"काठाला असतात. आत न्हाईत. त्या पान्यात हवाच न्हाई. चुकून एखादा खेकडा, मासा आत गेला की तडफडून मरतो. आनि कुजत बी न्हाई, माय. मिठात घातल्यागत तसाच ऱ्हातो. वर्सानुवर्सं. डोळे बी तसेच."

"आनि अशा जागी तुमी कावून जायलाव?"

"तेच बघायला," शिवकन्या म्हणाली आणि हसली.

टँकर आला. रांग हलली. सुंदरबाई उठली, पण हंड्याला हात लावायचं तिला सुचेना. मागच्या बाईनं ढोसलं तेव्हा ती पुढं सरकली. 'डोळे बी तसेच' एवढंच तिच्या कानात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन छावणीत गेली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. धोंडीराम म्हशीच्या पाठीवर ओलं फडकं फिरवत होता. त्याचा हात थांबला.

"तिला म्हनावं, नको जाऊ."

"तुमी म्हना की. फोन लावून देते."

धोंडीरामनं फोनकडं बघितलं, मग म्हशीकडं. "माझं कुठं आयकती ती," तो म्हणाला आणि फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. त्या बादलीच्या तळाला चार बोटं पाणी होतं. सुंदरबाई बराच वेळ त्या पाण्याकडंच बघत उभी राहिली.

ज्या दिवशी शिवकन्या उतरणार होती, त्या दिवशी संस्थेचा सचिव पंडित यानं ऑफिसातला टीव्ही मोबाइलला जोडून दिला. दूधवाढीचे कार्यक्रम दाखवायला म्हणून कधीतरी तो टीव्ही मिळाला होता. जहाजवाले सगळं थेट दाखवणार होते. चार-सहा बायका आल्या. सगळ्यात म्हातारी सभासद भिवराबाई खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली, फरशी गार लागते म्हणून.

"काकू, आपल्याला दिसंल तो दुसरा कॅमेरा हाय," पंडितनं सुंदरबाईला समजावलं. "त्यात मानूस न्हाई. तो वायरीनं जहाजाला बांधलेला हाय. तो आपल्या शिवकन्येच्या यंत्रासंगं खाली जातो आनि त्याचं चित्र काढतो. शिवाच्या यंत्राला वायर न्हाई, ते सुटं हाय."

"सुटं कावून ठेवलंय?" सुंदरबाईनं विचारलं.

पंडितला ते माहीत नव्हतं.

बराच वेळ पडद्यावर नुसता काळोख होता. त्यात पांढरे कण वरून खाली पडत होते, पिठाच्या गिरणीत उजेडाच्या तिरिपेत दिसतात तसे. शिवकन्येचं यंत्र मधेच दिसायचं. पिवळं धमक, पुढं जाड काचेचा मोठा गोल डोळा, आणि डोळ्यामागं तीन माणसांची डोकी. त्यातल्या एकीची वेणी सुंदरबाईनं ओळखली. एक बाई म्हणाली, "सुंदरबाई, पोरगी कशी राणीवानी बसलीय बगा." सुंदरबाई त्या वेणीकडंच बघत राहिली.

मग तळ आला. राखाडी, गुळगुळीत, उन्हाळ्यात तलाव आटल्यावर गाळ दिसतो तसा. आणि त्या गाळात खरंच एक तळं होतं. त्याला काठ होता. काठावर पिवळट-तांबडा थर साचला होता, दुधावर साय जमावी तसा. यंत्र जवळ गेलं तशी त्या तळ्यावर एक जाड, संथ लाट उठली आणि काठापर्यंत जाऊन परत फिरली. पाण्याच्या आत पाण्याची लाट.

"माय माय माय," भिवराबाई पुटपुटली. "हे मानसानं बघायचं न्हवं."

एक हातभर मासा काठाकाठानं आला. दबकत, काही शोधत असल्यासारखा. त्याचं तोंड तळ्यात गेलं. त्यानं एकदाच अंगाला पीळ दिला, उलटा झाला आणि आत घरंगळला. कॅमेऱ्यानं उजेड पुढं टाकला, तर काठाला तसे कितीतरी होते. खेकडे, मासे, पाय पसरून, तोंडं उघडी ठेवून. सगळे अख्खे. सुंदरबाईनं पदर तोंडात धरला.

पिवळं यंत्र तळ्यावर टेकलं आणि खरंच बुडालं नाही. पुरात भोपळा डुलावा तसं डुललं. मग ते काठाकडं सरकलं. त्याच्या पोटातून एक लोखंडी हात बाहेर आला आणि चिखलात नळी खुपसू लागला. शिवकन्या इंग्रजीत काही बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज खुशीतला होता, आणि लेकीचा खुशीतला आवाज सुंदरबाईला दहा भाषांत कळला असता.

तेवढ्यात काठ खचला.

आवाज काहीच झाला नाही. काठाचा मोठा लपका नुसता सुटला, यंत्राच्या एका अंगावर आला, आणि यंत्र नाकावर कललं. तळ्याचं जड पाणी काचेच्या डोळ्याच्या निम्म्यापर्यंत चढलेलं दिसलं. मग चहूकडून गाळाचा राखाडी धूर उसळला. जहाजावरची माणसं एकदम बोलायला लागली, एकमेकांचे आवाज तोडत. कॅमेरा गिरकी घेऊन वळला आणि पडदा निळा झाला.

"पंडित, लाव की रे," सुंदरबाई म्हणाली.

"काकू, आपल्याकडून न्हाई गेलं. तिकडूनच गेलंय."

"तरी लाव."

पंडितनं मोबाइल काढला, घातला, पुन्हा काढला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. त्यानं ती मनात वाचली आणि म्हणाला, "थोडा वेळ थांबा म्हनतेत."

तो थोडा वेळ संपेना. ऊन कलायला लागलं. कुणीतरी मोटारसायकल काढून छावणीत गेलं आणि धोंडीरामला घेऊन आलं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. मग सुंदरबाईचा फोन वाजला. जहाजावरचा एक अधिकारी होता, हिंदीत बोलत होता.

"माँजी, यंत्र चिखलात अडकलंय. पण तिघंही ठीक आहेत, आमचं त्यांच्याशी बोलणं होतंय. घाबरू नका."

निजामाच्या मुलखातल्या बाईला हिंदी नवी नव्हती. तिनं सरळ विचारलं, "हवा किती दिवसांची आहे आत?"

"तीन दिवसांची. खूप आहे."

त्यानं हे धीर द्यायला म्हणूनच सांगितलं होतं. पण सुंदरबाई ते दिवस मोजायला लागली. तासाभराची म्हणाला असता, तर तासाभरात काय ते झालं असतं. तीन दिवस म्हणजे तीन दिवस ती पोर तिथं बसून राहणार, जागी, त्या मेलेल्या खेकड्यांच्या शेजारी. आणि मग? मग तिचं काय होईल, ते लेकीनं स्वतःच फोनवर सांगितलं होतं. माणूस मातीत गेला की माती होतो, जाळला की राख होते. तिथं काहीच होत नाही. सुंदरबाई मरेल, धोंडीराम मरेल, हे गाव उठून जाईल, आणि पोर तिथं तशीच असेल, वेणी घातलेली, डोळे उघडे.

ती उठली आणि ऑफिसच्या मागं गेली. तिथं किटल्या धुवायचा हौद होता, कधीचा कोरडा. त्याच्या कडेला धरून तिनं नारायणगडाच्या देवस्थानाच्या दिशेला तोंड केलं.

"नारायणा, माझी पोर वर येऊ दे. पुन्हा तिला पान्यात धाडनार न्हाई. घरात ठिवीन. माझा शब्द हाय."

ती परत आली तेव्हा दूध घालायची वेळ झाली होती. बायका किटल्या घेऊन आल्या होत्या आणि दाराबाहेर गुपचूप उभ्या होत्या. "राहू दे आज," धोंडीराम म्हणाला. सुंदरबाईनं ऐकलं नाही. तिनं मापं काढली, पहिलीचं दूध नळकांड्यात ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. काचेची नळी दुधात डुलायला लागली. आकडा काही तिला दिसेना. तिनं बोटानं नळी तळापर्यंत दाबली आणि सोडली. नळी वर आली. पुन्हा दाबली. पुन्हा वर आली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा बोट उचलायला तिचं मन होईना. पंडितनं हळूच तिचा हात बाजूला केला आणि आकडा वाचला. सगळ्यांचं दूध त्या दिवशी पंडितनंच मोजलं.

दिवेलागणीला फोन वाजला. या वेळी मधे कुणी अधिकारी नव्हता, सरळ शिवकन्येचाच आवाज आला, घोगरा.

"माय, वर आले."

धोंडीरामनं फोन ओढून घेतला. "गाढवे," तो ओरडला, "तुला काय गरज होती गं, काय गरज होती!" आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडायला लागला. भिवराबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. यंत्र कसं सुटलं ते पंडितनं मागाहून सगळ्यांना सांगितलं. त्यांनी वजनं टाकली, चिखलाच्या नळ्या टाकल्या, लोखंडी हातसुद्धा तोडून टाकला, आणि त्या जड पाण्यानंच खालून रेटा दिल्यावर चिखलानं धरलेला यंत्राचा पाय सुटला.

बायका आनंदानं घरी गेल्या. सुंदरबाईनं मात्र नवसाचं कुणालाच सांगितलं नाही.

मृगाच्या सुमाराला शिवकन्या घरी आली. पाऊस नव्हताच. ती वाळली होती, बोलताना मधेच थांबायची. पहिल्या दिवशी ती अंघोळीला बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून सुंदरबाईनं आत डोकावलं. लेक भरल्या तांब्याकडं बघत बसली होती. पाणी डोक्यावर घ्यायचं तिला धाडस होत नव्हतं. सुंदरबाईनं तांब्या घेतला, एका हातानं तिचे डोळे झाकले आणि हळूहळू पाणी सोडलं. लहानपणी घालायची तसं.

त्या दुपारी शिवकन्या आपणहून बोलली.

"यंत्राची बॅटरी वाचवायला दिवे बंद केलते, माय. निम्मी काच त्या तळ्यात होती. मधूनच हातातला टॉर्च मारायचो, काच कुठं तडकली का बघायला. दर येळला एक मासा दिसायचा. मेलेला. माझ्याच बाजूनं काचेला टेकलेला. डोळा माझ्याकडं. मी त्याच्याशी बोलायला लागले."

"काय बोललीस?"

"म्हनलं, सरक तिकडं."

दोघी हसल्या.

मग शिवकन्या म्हणाली, "दिवाळीनंतर परत जायचंय. तेच तळं. मी हो म्हनलंय."

सुंदरबाई गव्हातले खडे वेचत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि नवसाचं सांगून टाकलं.

शिवकन्येचा चेहरा उतरला. "मला न इचारता शब्द दिलास?"

"तू होतीस कुठं इचारायला?"

बाहेर वारा धुळीचे लोट उडवत होता. शिवकन्या म्हणाली, "मला लई भ्या वाटतंय, माय. आत होते तवा न्हवतं एवढं. आता वाटतंय. आत्ता गेले न्हाई तर पुन्हा कवाच जायची न्हाई मी, हे मला कळायलंय. आनि हे भ्या जन्मभर ऱ्हाईल. पर तू नको म्हन, मी न्हाई जानार. आयुष्यात तुझं एकदा आयकते."

सुंदरबाईला वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तर नको म्हणणं सोपं होतं. तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती मापं घासायची, दूध मोजायची, आणि मनात एकच घोळायचं. शब्द मोडून पोर पाठवली आणि पोरीला काही झालं, तर मारणारी मीच. शब्द पाळला आणि पोर घरात ठेवली, तर रोज तांब्याकडं बघत बसलेली ती मला दिसणार. धोंडीरामला विचारावं, तर तो छावणीतून निरोप पाठवायचा, घरातच ठेव.

एका सकाळी तिनं लेकीला उठवलं. "चल, गडावर जाऊन येऊ."

बीडला जाऊन दोघी नारायणगडावर गेल्या. उन्हाचं कुणी नव्हतं. शिवकन्या दर्शन घेऊन बाहेर सावलीला थांबली. सुंदरबाई आत एकटी हात जोडून उभी राहिली. इतकी भीती तिला त्या निळ्या पडद्यासमोरही वाटली नव्हती.

"नारायणा," ती कुजबुजली, "शब्द मी दिलता. मीच मोडायलेय. पोरीनं काई दिलं न्हवतं, तिचा काई संबंध न्हाई. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. डोळे घे, हातपाय घे. ती जितक्या डाव उतरंल, तितक्या डाव तिला वर आन."

उत्तर कसलंच आलं नाही. घंटेची दोरी वाऱ्यानं जरा हलली, तेवढंच. ती बाहेर आली तेव्हा शिवकन्येनं विचारलं, "काय म्हनलीस?"

"जा म्हनलं. तुला," सुंदरबाई म्हणाली आणि चपलेत पाय सरकवला. लेकीनं तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता, भर उन्हात.

पाऊस शेवटी उशिरा आला, पोळ्यानंतर. छावणी उठली. धोंडीराम एक म्हैस आणि गाय घेऊन घरी आला, दुसरी म्हैस छावणीतच दगावली होती. लेकीला परवानगी दिली म्हणून तो दोन दिवस बायकोशी बोलला नाही. सुंदरबाईनं त्याला नवसाचंही सांगितलं नाही आणि मोडल्याचंही. आपल्या अंगावर काय येणार आहे, याची ती वाट बघायला लागली. पाय घसरला की तिला वाटे, हेच का. डोळ्यात कुसळ गेलं की वाटे, हेच. आणि काहीच झालं नाही की आणखी भीती वाटे, की नारायणानं आपलं मागणं मानलंच नाही, हिशेब लेकीच्याच नावावर राहिला.

दिवाळी झाली, शिवकन्या गेली. ज्या दिवशी ती पुन्हा त्या तळ्यावर उतरली, त्या दिवशी पंडितनं टीव्ही जोडला. बायका पुष्कळ आल्या. सुंदरबाई आत गेली नाही. ती मागच्या हौदात उतरली आणि किटल्या धुवायला लागली. हौदात आता पाणी होतं. आतून बायकांचा आवाज आला की तिचा हात थांबायचा. धोंडीराम मागच्या दारात उभा राहून पडद्याकडं बघत होता आणि मधूनमधून वळून तिला हातानं खुणावत होता, ठीक आहे, ठीक आहे म्हणून. तिचा त्या खुणेवर विश्वास बसत नव्हता.

दुपार टळल्यावर फोन आला.

"माय, वर आले. काई झालं न्हाई. मासा होता तिथंच."

"बरं," सुंदरबाई म्हणाली. तिनं ओले हात लुगड्याला पुसले, फोन दुसऱ्या कानाला लावला. "आता परत खाली कवा?"

"परवा," शिवकन्या म्हणाली.